गल्ल्यावरची लेखिका

१८७९ साली फिनलंडमधल्या युवास्कुला या छोट्या गावात योहान फर्डिनांड कान्त हा शिक्षक वारला. मागे पस्तीस वर्षांची बायको, सहा मुलं, आणि सातवं पोटात. घरात येणारा पगार थांबला. नातेवाईक आणि शेजारी हळहळले असतील, ते साहजिकच होतं. पण त्या मृत्यूने आणखी एक गोष्ट घडवली, आणि ती त्या वेळी फारशी कुणाच्या ध्यानात आली नसेल. कायद्याच्या नजरेत त्याची विधवा, मिन्ना कान्त, आयुष्यात पहिल्यांदा सज्ञान झाली.

फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यातला एक स्वायत्त प्रांत होता. १८०९ पर्यंत तो स्वीडनकडे होता, आणि रशियाकडे गेल्यावरही तिथे स्वीडिश अमदानीतला १७३४ चा कायदाच चालू राहिला. त्या कायद्यात मुलगी बापाच्या पालकत्वाखाली असे आणि लग्न झालं की नवऱ्याच्या. पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित बाईला सज्ञान मानायला १८६४ साल उजाडावं लागलं. मिन्नाने एकविसाव्या वर्षीच लग्न केलं, त्यामुळे त्या सुधारणेचा तिला काहीच उपयोग नव्हता. बापाच्या हातातून ती सरळ नवऱ्याच्या हातात गेली. स्वतःच्या नावाने व्यवहार करायचा, देणं-घेणं ठरवायचं, पैशावर हक्क सांगायचा, तर बाईने विधवा व्हावं लागे.

फिनिश भाषेतली पहिली मोठी नाटककार स्त्री, फिनलंडच्या स्त्रीमुक्तीच्या विचाराची जननी, अशी मिन्ना कान्तची ओळख करून दिली जाते, आणि ती बरोबरच आहे. पण तिची नाटकं, कथा आणि पत्रव्यवहार यांतून फिरताना मला वारंवार जाणवतं की या बाईचा विचार पुस्तकांतून जेवढा आला, तेवढाच दुकानाच्या गल्ल्यावरून आला. पैसा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तिने कधी नजरेआड होऊ दिला नाही. तिच्या काळातल्या पुष्कळ सुधारकांनी स्त्रीच्या आत्म्याबद्दल लिहिलं. मिन्नाने स्त्रीच्या बचतीबद्दल लिहिलं.

तिचं जन्मनाव उलरिका विल्हेल्मिना जॉन्सन. जन्म १९ मार्च १८४४, गाव ताम्पेरे. तामेरकोस्की नदीच्या धबधब्यावर उभी राहिलेली फिनलेसनची कापडगिरणी हे त्या गावाचं हृदय. १८२० मध्ये एका स्कॉटिश माणसाने सुरू केलेला तो कारखाना त्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण उत्तर युरोपातल्या मोठ्या उद्योगांत गणला जाऊ लागला होता. मिन्नाचे वडील गुस्ताव्ह विल्हेल्म जॉन्सन गिरणीत कामगार म्हणून शिरले आणि मुकादमाच्या जागेपर्यंत चढले. मिन्ना गिरणीच्याच शाळेत शिकू लागली. १८५३ मध्ये गिरणीने वडिलांकडे कुओपिओ या गावातलं आपलं सुताचं दुकान सोपवलं, आणि कुटुंब पूर्वेकडच्या सावो प्रांतात, कल्लावेसी तलावाकाठी येऊन राहिलं.

मुकादमाची मुलगी होती, पण वडील हिकमती होते. मुलीला त्यांनी कुओपिओतल्या चांगल्या शाळांत घातलं. त्यातली एक शाळा तर वरच्या वर्गातल्या मुलींसाठीच होती. तिथे शिक्षण स्वीडिशमधून होई. फिनिश ही शेतकऱ्यांची आणि मजुरांची भाषा मानली जायची. प्रशासन, न्यायालय, विद्यापीठ, सगळं स्वीडिशमधून चाले. मिन्ना दोन्ही भाषांत वाढली, आणि तिच्या लेखनातली संवादांची धार घडवण्यात या दुहेरी वाढण्याचा मोठा वाटा आहे. तिच्या नाटकांतली बाजारातली माणसं बोलतात तेव्हा बाजारच बोलतो.

१८६३ मध्ये युवास्कुलात फिनिश माध्यमातलं पहिलं शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. त्याचा संस्थापक उनो सिग्नेउस. मुलींना तिथे प्रवेश होता, आणि मिन्ना पहिल्याच तुकडीत दाखल झाली. एकोणिसाव्या वर्षी घरापासून दूर राहून, पुढे स्वतःच्या पायावर उभं राहायच्या तयारीने शिकणं, ही त्या काळातल्या फिनिश मुलीच्या वाट्याला क्वचितच येणारी गोष्ट होती. दोनच वर्षांत, १८६५ मध्ये, तिने तिथल्या निसर्गविज्ञानाच्या शिक्षकाशी, फर्डिनांड कान्तशी लग्न केलं आणि शिक्षण अर्धवट सोडलं. विवाहित स्त्रीने शिक्षिका होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८८६ मध्ये तिने ‘हान्ना’ नावाची लघुकादंबरी लिहिली. त्यातल्या हान्नाला याच विद्यालयात जायचं असतं आणि वडील नकार देतात. पुढे तिचं एकेक दार बंद होत जातं. या कथेत आरडाओरड कुठेच नाही. घरातली माणसं वाईट नाहीत, बापही दुष्ट नाही. शिकवायचं ते मुलाला, हे सगळ्यांनी मनात ठरवून टाकलेलं असतं, तेवढंच. मला वाटतं हे पुस्तक आजही एखाद्या मुलीच्या हातात पडलं तर ती ते एका बैठकीत संपवेल.

पुढची चौदा वर्षं बाळंतपणांत गेली. पण १८७४ मध्ये फर्डिनांडकडे ‘केस्की-सुओमी’ या स्थानिक वृत्तपत्राचं संपादकपद आलं, आणि मिन्नाही त्यात लिहू लागली. मुलींचं शिक्षण आणि दारू हे तिचे आवडते विषय. दारूविरुद्धचं तिचं लेखन मालकांना रुचलं नाही, आणि १८७६ मध्ये दोघांनाही ते वृत्तपत्र सोडावं लागलं. पुढच्या वर्षी दोघं ‘पाइयान्ने’ या प्रतिस्पर्धी वृत्तपत्रात गेले. तिथे तिच्या पहिल्या कथा छापून आल्या आणि १८७८ मध्ये पहिला कथासंग्रह निघाला. फर्डिनांडविषयी तिच्या चरित्रकारांत मतभेद आहेत. माझं मत असं की संपादकाच्या खुर्चीशेजारी बायकोला जागा करून देणारा तो नवरा त्या काळाच्या मानाने मोठ्या मनाचा होता.

त्याच सुमारास काअर्लो बेर्गबोमची फिनिश नाटक मंडळी युवास्कुलात प्रयोग करायला आली. १८७२ मध्ये स्थापन झालेली ही फिनिश भाषेतली पहिली व्यावसायिक नाटक मंडळी. प्रयोग बघून मिन्नाने स्वतः नाटक लिहायला घेतलं. ते नाटक म्हणजे ‘मुर्तोवार्काउस’, घरफोडी. त्याच दिवसांत नवरा वारला.

सातवं मूल १८८० मध्ये झालं. त्या बाळंतपणानंतर काही काळ तिच्या मनात फार भयंकर विचार येत, आपल्या हातून बाळाला इजा होईल अशी भीती वाटे, असं तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तेव्हा या अवस्थेला ना नाव होतं, ना औषध. तरीही तिने ते लिहिलं, यातलं धैर्य मला तिच्या कुठल्याही जाहीर भाषणाइतकंच मोलाचं वाटतं.

मग तिने निर्णय घेतला. मुलांना घेऊन ती कुओपिओला परतली आणि वडिलांचं दुकान चालवायला घेतलं. वडील आधीच वारले होते आणि दुकानाची घडी विस्कटली होती. मिन्नाने ती बसवली. सूत, कापड, शिवणकामाचं सामान. दर्जा बघायचा, उधारीचे हिशेब ठेवायचे, घाऊक व्यापाऱ्यांची देणी वेळेवर भागवायची. ज्या बाईला वर्षभरापूर्वी कायद्याने स्वतःच्या पैशावरही सही करू दिली नसती, ती आता कुओपिओतली एक यशस्वी व्यापारी झाली. सात मुलांना तिने त्या दुकानावर वाढवलं आणि मरेपर्यंत दुकान सोडलं नाही. लेखनाच्या पैशावर तिला जगावं लागलं नाही, आणि याचा सर्वांत मोठा फायदा असा की कुणाच्या मर्जीसाठी तिला वाक्य मऊ करावं लागलं नाही.

‘मुर्तोवार्काउस’चा पहिला प्रयोग १८८२ मध्ये झाला. खेडेगावातलं, गाण्यांचं, थोडं विनोदी, चोरीच्या खोट्या आळाभोवती फिरणारं हे नाटक लोकांना फार आवडलं. तसंच लिहीत राहिली असती, तर ती सगळ्यांची लाडकी लेखिका झाली असती.

कुओपिओतलं तिचं घर, कान्तिला, हे त्या गावाचं वैचारिक केंद्र झालं. युहानी आहोसारखे तरुण लेखक तिथे जमत. ती स्वतः झुलत्या खुर्चीत बसून बोले. मिल, स्पेन्सर, टेन, ब्रांडेस हे लेखक तिने वाचले ते याच घरात, दुकान आणि स्वयंपाकघर सांभाळून. राजधानी हेलसिंकीपासून इतक्या दूर राहून एका विधवा दुकानदार बाईने युरोपातल्या ताज्या वादांची नाडी धरून ठेवली होती. पाहुणे निघून गेल्यावर ती पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळत असणार.

१८८५ मध्ये ‘त्यॉमिएहेन वाइमो’, म्हणजे ‘कामगाराची बायको’, रंगमंचावर आलं. इथून पुढे तिला कुणी लाडकी म्हणायला तयार होईना.

कथा साधी आहे. योहाना नावाची कष्टाळू, देवभीरू मुलगी रिस्तोशी लग्न करते. तिने वर्षानुवर्षं काम करून बँकेत बचत केलेली असते. रिस्तोने आधी होम्सान्तू या रोमा मुलीला लग्नाचं वचन दिलेलं असतं आणि मोडलेलं असतं. लग्नाच्याच दिवशी त्याचं पिणं सुरू होतं. योहानाचे पैसे आता कायद्याने त्याच्या हातात, त्यामुळे बँकेतली रक्कम बघता बघता संपते. ती मागावर बसते, विणते. ते कापडही तो उचलून नेतो. मूल आजारी, घरात खायला नाही. आणि या सगळ्यात रिस्तोने कुठेही कायदा मोडलेला नाही. हे नाटकाचं खरं भय आहे. प्रेक्षक वाट बघत राहतो की आता पोलीस येतील, आता न्याय होईल. पोलीस शेवटी येतात, पण होम्सान्तूला पकडायला. योहाना मेल्यावर ती रिस्तोवर गोळी झाडते, नेम चुकतो, आणि जाता जाता ती समाजाच्या कायद्यावर आणि न्यायावर जे ओरडते ते फिनिश रंगभूमीवरचं सर्वांत गाजलेलं वाक्य ठरलं.

पहिल्या प्रयोगात होम्सान्तूचं काम इदा आल्बेर्गने केलं. ही त्या काळातली फिनलंडची सर्वांत मोठी नटी. पाचच वर्षांपूर्वी तिने त्याच मंडळीत इब्सेनच्या नाटकातली नोरा केली होती. नोरा दार लावून घराबाहेर पडते. होम्सान्तूला घरच नाही, त्यामुळे दार लावायचा प्रश्न येत नाही. दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचली की मिन्नाचं वेगळेपण दिसतं. इब्सेनने मध्यमवर्गीय घरातल्या बाईची घुसमट दाखवली. मिन्नाने एक पायरी खाली उतरून विचारलं की जिच्या अंगावर दुसरं लुगडं नाही, तिने बाहेर पडून कुठे जायचं.

विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा प्रश्न तेव्हा प्रतिनिधीसभेत चर्चेत होताच, त्यामुळे नाटक नेमक्या क्षणी आलं. वृत्तपत्रांत वाद पेटला. १८८९ मध्ये कायदा बदलला आणि विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर अधिकार मिळाला. नाटकामुळे कायदा बदलला असं म्हणणं अतिरेकाचं होईल, चळवळ आणि चर्चा आधीपासून चालू होती. पण कायद्याचं कलम म्हणजे नेमकं काय, ते हजारो लोकांनी बाकांवर बसून, योहानाच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बघितलं होतं.

नाटक आलं त्याच सुमारास तिचा कुओपिओच्या बिशपशी, गुस्ताव्ह योहान्सनशी, स्त्रीप्रश्नावरून जाहीर वाद झाला. बिशपच्या मते स्त्रीमुक्तीच्या कल्पना ख्रिस्ती धर्माच्या विरोधात होत्या. मिन्नाने ‘वाल्वोया’ या मासिकातून उत्तर दिलं. तिने धर्म सोडला नाही, धर्माचे ठेकेदार सोडले. पुरुषाच्या पावित्र्याला एक माप आणि बाईच्या पावित्र्याला दुसरं, हे तिला मान्य नव्हतं, आणि बिशप राहतो त्याच गावात राहून ती हे लिहीत होती. तिच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी रविवारी चर्चमध्ये तिच्याविरुद्ध ऐकलं असेल आणि सोमवारी तिच्याकडूनच सूत घेतलं असेल.

१८८८ मध्ये ‘कोवान ओन्नेन लाप्सिया’, दुर्दैवाची मुलं, आलं. काम गेलेले मजूर, उपाशी पोरं, आणि तोप्रा-हेइक्की नावाचा माणूस, जो म्हणतो की श्रीमंतांकडून घेतलं तर चोरी कशी. एक प्रयोग झाला. नाट्यगृहाच्या संचालकांनी दुसरा होऊ दिला नाही. ज्या फिनिश राष्ट्रवाद्यांनी तिला आपल्या भाषेची शान म्हणून मिरवलं होतं, त्यांनीच पाठ फिरवली. बाईच्या हक्काबद्दल ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती. मजुराच्या भुकेची चर्चा मात्र त्यांना नको होती. १८८९ मध्ये तिने ए. बी. मॅकेलाबरोबर ‘वापाइता आत्तेइता’, मुक्त विचार, हे मासिक काढलं. सेन्सॉरशिपने त्याचा गळा घोटला, आणि १८९० पुढे ते चाललं नाही.

याच काळात तिने ‘काउप्पा-लोपो’ लिहिली, आणि माझ्या मते हे तिचं सर्वोत्तम पुस्तक. लोपो ही फिरून माल विकणारी बाई. अस्वच्छ, कुरूप, दारू पिते, चोरी करते, तुरुंगाच्या वाऱ्या तिला नव्या नाहीत. आणि तिचं काळीज मोठं आहे. संकटात सापडलेल्या एका प्रतिष्ठित घराला ती सगळं करून देते, आणि गरज संपल्यावर त्या घराला तिची शिसारी येते. मिन्ना लोपोला सुधारत नाही. शेवटी आंघोळ घालून, देवळात नेऊन बसवत नाही. वाचकाला दया यावी म्हणून तिला सुंदरही करत नाही. ती जशी आहे तशी तुमच्या दारात आणून उभी करते आणि तुम्ही काय करता ते बघते. त्याआधी, १८८६ मध्ये, ‘क्योह्याआ कान्साआ’ म्हणजे ‘गरीब लोक’ या कथेत तिने मारी होल्पाइनेन नावाच्या आईचं दारिद्र्यात वेड लागणं लिहिलं होतं. तिथे वाचक रडतो. लोपो वाचताना रडू येत नाही, लाज वाटते.

१८९० नंतर तिचा स्वर बदलला. टॉलस्टॉयचा प्रभाव आला, माणसाच्या आतल्या झगड्याकडे ती वळली. ‘पापिन पेर्हे’ या १८९१ च्या नाटकात धर्मोपदेशक बाप आणि नव्या विचारांची मुलं समोरासमोर येतात, आणि दोघांनाही ती न्याय देते. फिनिश मंडळीशी संबंध ताणलेले असताना तिने ‘सिल्वी’ स्वीडिशमध्ये लिहिलं, आणि ते १८९३ मध्ये हेलसिंकीच्या स्वीडिश नाट्यगृहात झालं. आपल्या पालकाशीच लग्न झालेली एक पोरसवदा मुलगी दुसऱ्यावर प्रेम करते आणि नवऱ्याला विष घालते. यात मला नेहमी पालकत्वाचा कायदाच दिसतो: पालक आणि नवरा एकच माणूस.

मग १८९५ मध्ये ‘आन्ना लीसा’. खात्यापित्या शेतकऱ्याची मुलगी, योहान्नेसशी लग्न ठरलेलं. चार वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, गडी मिक्कोपासून तिला मूल झालं होतं आणि तिने ते मारलं होतं. मिक्कोच्या आईने, हुस्सोने, ते जंगलात पुरलं. आता पैसा कमावून मिक्को परतला आहे आणि माझ्याशी लग्न कर, नाहीतर सगळं सांगेन, म्हणतो. घरचे लोक बाहेर जमलेल्या पाहुण्यांसाठी हसत राहतात, आत सौदा चालू असतो. आई-बापसुद्धा कळल्यावर अब्रूचा विचार करतात: लग्न लावून टाका, विषय मिटेल. त्या क्षणी आन्ना लीसा उठते आणि जमलेल्या सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकते. ती तुरुंगात जाते, पण आता तिला धमकावायला कुणाच्या हातात काहीच उरत नाही. नाटककार म्हणून मिन्नाची पकड इथे सर्वांत घट्ट आहे. पात्रं कमी, घर एक, आणि प्रत्येक वाक्याला भाव ठरलेला. फिनलंडमध्ये हे नाटक आजही होतं. १९२२ आणि १९४५ मध्ये त्यावर चित्रपट निघाले.

१२ मे १८९७ रोजी कुओपिओत हृदयविकाराने ती गेली. वय त्रेपन्न. नऊ वर्षांनी, १९०६ मध्ये, फिनलंडच्या सर्व प्रौढ स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणुकीला उभं राहण्याचा, दोन्ही अधिकार एकदम मिळाले. १९०७ च्या पहिल्या संसदेत दोनशेपैकी एकोणीस स्त्रिया निवडून आल्या. त्यांत लुसीना हागमान होती, मिन्नाची मैत्रीण आणि तिचं पहिलं मोठं चरित्र लिहिणारी. आणि मिइना सिल्लान्पा होती, बाराव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागलेली, मग मोलकरीण झालेली, पुढे १९२६ मध्ये फिनलंडची पहिली महिला मंत्री. योहाना आणि लोपो ज्या वर्गातल्या, त्या वर्गातली ही बाई.

आज कुओपिओ, ताम्पेरे आणि युवास्कुला, तिन्ही गावांत मिन्नाचे पुतळे आहेत. २००७ पासून १९ मार्चला, तिच्या वाढदिवशी, देशभर राष्ट्रध्वज फडकतो आणि तो दिवस समानतेचा दिवस म्हणून साजरा होतो. फिनलंडमध्ये स्वतःच्या नावाचा ध्वजदिन मिळालेली ती पहिली स्त्री. लेखिकेला एवढा मान देणारे देश जगात फार नाहीत.

पण तिने जो प्रश्न गल्ल्यावर बसून विचारला होता, त्याचं पूर्ण उत्तर यायला वेळ लागला. १८८९ च्या कायद्याने बाईची कमाई तिची झाली, पण नवऱ्याचं पालकत्व तसंच राहिलं. मतदानाचा हक्क मिळाल्यावरही दोन दशकं, संसदेत बसणारी विवाहित स्त्रीसुद्धा घरी कायद्याने नवऱ्याच्या छत्राखालीच होती. नवा विवाहकायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १९३० च्या सुरुवातीपासून लागू झाला. तेव्हा कुठे लग्न झालेल्या बाईला, नवरा जिवंत असताना, विधवेइतके अधिकार मिळाले.